विहिरीचं लंघन

या, पडा बाजूबाजूला. नको, आज पाय चेपायला नकोत. उशी पण नको, माझी मला आहे. ओम्या, तो अर्धा चावलेला लाडू मला कशाला रे? तूच खा आणि चूळ भरून ये. आज आजी दमलीय. सकाळपासून पाणी उकळतेय. नळाला पिवळं पाणी यायला लागल्यापासून दुसरं कामच नाही. पातेलं चढवायचं, उतरवायचं, निववायचं, फडक्यानं गाळायचं, माठात भरायचं. आणि एवढं करून तुम्ही म्हणायचं, आजी, याला कसलीतरी चव लागते. लागू दे. पोट तर दुखत नाही ना?

सांगते, सांगते गोष्ट. पण सांगता सांगता मला झोप लागली तर उठवायचं नाही, आधीच सांगून ठेवते.

तर एक होती विहीर.

राजा नाही. राजा परवा झाला, त्याच्या दोन्ही राण्या झाल्या, आज विहीर. ऐकायची तर ऐका.

बोरमाळ नावाचं एक गाव होतं. माळावरचं. नदी लांब, ओढा कोरडा, आणि गावाच्या मधोमध ही एकच विहीर. दगडात खोदलेली, खाली पाण्यापर्यंत पायऱ्या. आणि पाणी कसं, तर गूळ न घालता गोड. गावात पाहुणा आला की त्याच्यासमोर नुसता पाण्याचा तांब्या ठेवायचे. पाहुणा तांब्या रिकामा करायचा आणि म्हणायचा, अजून एक आणा.

त्या विहिरीत साती आसरा राहायच्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, बरं का. सात बहिणी. त्या पाणी राखतात. झऱ्याचं दार झाडायचं, गाळ तळाशी दाबून ठेवायचा, वरून पडलेलं पान कडेला लावायचं, अशी त्यांची कामं. घरात तुमच्या आईची असतात ना, तशीच. दिसत कुणाला नाहीत, पण राहिली की लगेच कळतात. आसरांना पण कुणी पाहिलं नव्हतं. पहाटे पहिली घागर बुडवली की खालून बांगड्या वाजतात, असं बायका म्हणायच्या.

आणि त्या गावाची एक रीत होती. घरात काही चांगलं झालं, की त्यातला वाटा विहिरीला. गाय व्याली, तर चिकाचा एक थेंब विहिरीत. ज्वारी आली, तर एक चिमूट विहिरीत. लग्न झालं, तर हळदीचं एक बोट पाण्यात बुडवायचं. थेंब, चिमूट, बोट. एवढंच हं. आणि मूल झालं, की सुताराकडून बोटाएवढा लाकडी पाळणा करून घ्यायचा आणि पाण्यात सोडायचा. मूल आसरांनी दिलंय, आता त्यांनीच सांभाळावं, म्हणून.

मग काय झालं, गावाला बरे दिवस आले. बरे दिवस आले की माणसाचा हात सैल सुटतो. गावात पाटलाची आई होती, ठकूबाई. मनानं वाईट नव्हती. पण सगळं मोठं लागायचं तिला. आवाज मोठा, कुंकू मोठं, पातेलं मोठं. तिला फार वर्षांनी नातू झाला. मग काय विचारता. तिनं थेंबाच्या जागी चरवीभर दूध ओतलं. आणि पाळणा केला तो चांगला हातभर लांब, सागवानी, पितळी कड्यांचा. तो बुडेना. लाकूडच ते, तरंगायला लागलं. तर हिनं त्याला धोंडा बांधला आणि बुडवला.

हसता काय? खरंच बांधला.

ते पाहून बाकीच्यांना वाटलं, आपण काय कमी आहोत? मग ह्यानं दुधाची घागर ओतली. त्यानं पायलीभर धान्य ओतलं. हळदीचं बोट गेलं आणि हळदीचं अख्खं घंगाळ आलं. पाळण्यांना धोंडे लागायला लागले. देवपूजेची शिळी फुलं, नैवेद्याची पानं, सगळं विहिरीत. आणि प्रत्येक जण टाकताना हात जोडायचा, हे लक्षात ठेवा. कुणी वाईट बुद्धीनं काही टाकलं नाही. सगळं भक्तीनं टाकलं.

मग पाण्याची चव गेली. आधी गोडी गेली, मग वास यायला लागला. मग गावातल्या पोरांची पोटं बिघडली. एकाचं झालं, दुसऱ्याचं झालं, घरोघरी पोरं कोमेजून पडली. पहाटेच्या बांगड्या वाजायच्या बंद झाल्या.

गाव म्हणालं, आसरा कोपल्या. त्यांना कमी पडलं असणार.

मग गावानं नारळ फोडले आणि पाण्यात टाकले. पाण्यावर तेलकट तवंग आला. मग गावानं दह्यादुधाचा अभिषेक केला. पाणी बुळबुळीत झालं. मग गावानं पुरणपोळीचा नैवेद्य केला, लग्नाच्या पंगतीएवढा, आणि तो वाजतगाजत विहिरीत सोडला. त्यानंतर तर असा वास सुटला, की बैल सुद्धा विहिरीकडे मान करीनात. आणि माणसं? माणसं तेच पाणी पीत होती. दुसरं आणणार कुठून? नदीच्या वाळूत झिरा उकरला तर पाणी लागायचं, पण तिथवर जायला सकाळची दुपार व्हायची. कोण जाणार, मी दमलेय, तू जा, असं चाललं होतं.

त्या गावात येसू नावाची एक बाई होती. तिचा नवरा मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला. घरात ती आणि तिची लेक बकुळा. बकुळा आपल्या शालूएवढी. तशीच बडबडी. पण आता बोलत नव्हती. अंगात पाणी राहीना, डोळे आत गेले, ओठ सुकले. येसू तिला पाणी पाजायची, कारण तहान लागली की आई दुसरं काय देणार? आणि पाणी पाजलं, की बकुळाला जास्तच व्हायचं. पाजावं तरी लेक जाते, न पाजावं तरी जाते. असं झालं होतं बिचारीला.

वर गाव तिच्यावरच उलटलं. सगळ्यांनी विहिरीला दिलं होतं, येसूनं काही दिलं नव्हतं. थेंब द्यायला गाय नव्हती, चिमूट द्यायला शेत नव्हतं. बकुळा झाली तेव्हा पाळणा सुद्धा सोडला नव्हता तिनं. लोक म्हणाले, हिच्यामुळंच आसरा रागावल्या. आणि ठरलं, की उद्या चौथा नैवेद्य करायचा. आतापर्यंत कधी झाला नाही एवढा मोठा.

शालू, पांघरूण घे. ऐकतेयस ना?

तर भर दुपारी येसूनं बकुळाला शेजारणीजवळ निजवलं आणि ती तरातरा विहिरीवर गेली. भांडायला गेली होती ती. आसरांना म्हणणार होती, माझा राग लेकरावर का काढता? मला न्या. पण पायऱ्या उतरता उतरता तिच्या पायातलं बळच गेलं. किती दिवस जागत होती ती. भांडायला सुद्धा अंगात जोर लागतो. ती शेवटच्या पायरीवर मटकन बसली आणि नुसती बसून राहिली.

तेव्हा पाणी हललं. नारळाच्या करवंट्या बाजूला झाल्या. आणि पाण्यातून एक बाई वर आली.

भिऊ नका. तिला पाहून कुणी भ्यायलं नसतं, दयाच आली असती. केसात कुजकी फुलं अडकलेली. हिरवं लुगडं चिखलानं काळं पडलेलं. डोळे सुजलेले, आणि पोट हे एवढं फुगलेलं. येसूनं ओळखलं, ही आसरा.

आसरानं घाबरून आधी तिच्या हाताकडे पाहिलं. म्हणाली, "काय आणलंस?"

"काय न्हाई बाई. रिकामीच आले."

"हात दाव."

येसूनं दोन्ही तळहात पुढे केले. तिला वाटलं, आता ही शाप देणार. पण आसरानं ते रिकामे हात नीट पाहिले आणि मोठा सुस्कारा टाकला.

"बरं झालं," ती म्हणाली. "जरा सरक बाई, बसू दे मला."

मग त्या दोघी एका पायरीवर शेजारी शेजारी बसल्या. एक देवी आणि एक बाई, पण दोघी सारख्याच दमलेल्या.

मग आसरा म्हणाली, "सहाजणी गेल्या माझ्या बहिणी. एकेक करून खालच्या फटीतनं निघून गेल्या. मी धाकटी. कुणीतरी मागं राह्यला पायजे, म्हणून राह्यले. पण आता व्हत न्हाई. जरा डोळा लागला, की वरनं डुबकन काहीतरी पडतं. आणि पडलेलं सगळं माझ्या पोटात जातं."

येसू म्हणाली, "बाई, माझ्या लेकीला बरं कर."

"कशी करू? ती माझंच पाणी पिती. माझं पोट बरं न्हाई, तर तिचं कुठनं व्हणार?"

येसूनं मग काय केलं माहितीये? आईच ती. तिनं आसराच्या पोटावर हात ठेवला, बकुळाच्या पोटावर ठेवायची तसा. दाबून पाहिलं. आणि म्हणाली, "लंघन कर बाई. दुसरं औषध न्हाई याला."

लंघन म्हणजे उपास. पोट बिघडलं की मी तुम्हाला लाडू-शेव बंद करून नुसती पेज देते की नाही, तेच.

आसराच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "मी लंघन करीन गं. पण वाढणारी थांबत न्हाईत. आणि माझ्या दारात पाळणं अडकल्यात. झऱ्याचं दार उघडत न्हाई. पोरं मी दिली, खरं हाय. पण पाळणं ठेवायला माझ्याकडं जागा न्हाई. पाळणा घरात हलवायचा असतो." मग ती उठली. "उद्याचा निवद पडला, तर मी बी निघाले बहिणींच्या मागं. मग विहिरीचं तुमचं तुम्ही बघा."

आणि ती पाण्यात गेली.

येसू धावत गावात आली. चावडीपुढं चुली पेटल्या होत्या, पुरण शिजत होतं. तिनं पाटलाला सगळं सांगितलं. पाटील म्हणाला, देवाचं काम, गुरवाला विचार. गुरवाला सांगितलं. गुरव म्हणाला, गावाचं काम, पाटलाला विचार. बाकीचे हसले. म्हणाले, आम्ही एवढं दिलं तरी आम्हाला देवी भेटली नाही, आणि हिला रिकाम्या हातानं भेटली.

मग येसू ठकूबाईकडे गेली. ठकूबाई मोठ्या पातेल्यात पुरण घोटत होती आणि तिच्या मांडीवर तिचा नातू होता. तो पण आजारीच, बरं का. पाणी काय पाटलाचं घर बघून बाधतं? पोरानं पुरणाकडे हात केला आणि रडायला लागलं. जवळच्या एका बाईला दया आली. तिनं पुरणाची गोळी त्याच्या तोंडाशी नेली. तशी ठकूबाईनं तिचा हात झटकला.

"पोट बिघडलंय त्याचं," ती ओरडली. "आज लंघन हाय. माया करायची म्हणून मारताय का पोराला?"

येसू समोरच उभी होती. ती हळूच म्हणाली, "आत्या, आसराचं बी पोट बिघडलंय."

एवढंच म्हणाली. जास्त बोलायला तिच्यात त्राणच नव्हतं.

ठकूबाईचा हात थांबला. तिनं नातवाकडे पाहिलं. पातेल्याकडे पाहिलं. मग विहिरीकडे पाहत राहिली. म्हातारी मोठ्या आवाजाची होती, पण त्या वेळी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "चुली इझवा."

मग गावानं विहिरीला लंघन दिलं. कुणी काही टाकायचं नाही. फूल नाही, पान नाही, दाणा नाही. आणि विहिरीचं पाणी कुणी प्यायचं नाही. बायकांनी नदीच्या वाळूत झिरे उकरले. वाटीवाटीनं पाणी भरायचं, डोक्यावर घेऊन माळ चढायचा, घरी आणून खळखळ उकळायचं आणि मग पोरांना पाजायचं. बायकांच्या माना मोडल्या. आणि पोरं काय म्हणायची? याला धुराची चव लागते. ओम्या, ऐकतोयस का?

तिकडे विहीर उपसायला घेतली. पहिल्या दिवशी फुलं, पानं, नारळ निघाले. दुसऱ्या दिवशी काळा गाळ निघाला. त्यात पुरणपोळ्या होत्या, पण त्याचं वर्णन आता नको, तुम्ही नुकतेच जेवलाय. तिसऱ्या दिवशी तळ लागला. आणि झऱ्याच्या तोंडाशी पाळणेच पाळणे. एकात एक अडकलेले, एक बकुळा सोडून गावातल्या सगळ्या पोरांचे.

तिथं मात्र सगळे थांबले. पाळण्याला कुणी हात लावीना. पाळणा काढला की नवस मोडतो, मूल जातं, असं ते मानायचे. कुठली आई हात लावील? येसूनं आसराचं बोलणं सांगितलं, की पाळणा घरात हलवायचा असतो. सगळ्या जणी काठावर उभ्या. ऐकलं सगळ्यांनी, पण उतरली कुणी नाही. येसूला तर काढायला स्वतःचा पाळणाच नव्हता. दुसऱ्याच्या लेकराच्या पाळण्याला ती कशी हात लावणार?

मग ठकूबाईनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि ती पायऱ्या उतरायला लागली. पाटील म्हणाला, "आई, तू नको." ती म्हणाली, "आडवा माझाच पडलाय." खरंच, तो हातभर लांबीचा सागवानी पाळणा झऱ्याच्या दारात आडवा रुतला होता आणि त्याच्यामागे बाकीचे अडकले होते. म्हातारी मांडीएवढ्या गाळात उभी राहिली. नातू एकुलता एक होता तिचा, हे विसरू नका. तिनं बोटांनी दोरीची गाठ सोडवली, धोंडा बाजूला ढकलला आणि पाळणा छातीशी धरून वर आली.

मग एकेक आई खाली गेली. प्रत्येकीनं आपापला पाळणा ओळखला. चिखलात सुद्धा ओळखला. शेवटचा पाळणा निघाला, आणि झऱ्यातून आधी बोटाएवढी धार आली, मग मनगटाएवढी. आणि त्या धारेच्या आवाजात, अगदी बारीक, बांगड्या वाजल्या.

विहीर भरली. पाणी नितळ दिसायला लागलं. पण प्यायचं कुणी आधी? दिसायला नितळ पाणी आणि बोलायला गोड माणूस, दोघांनाही आधी पारखून घ्यावं. ठकूबाई म्हणाली, "मी पिते. माझं झालंय सगळं बघून." ती तांब्याभर पाणी प्याली आणि लिंबाखाली बसली. अख्खं गाव तिच्या तोंडाकडे बघत बसलं. काही होईना. संध्याकाळी म्हातारी वैतागून म्हणाली, "बघता काय? भूक लागलीया, कुणी भाकरी देतंय का?"

मग मोठी माणसं प्याली. पोरांना काही दिवस उकळूनच दिलं. आणि एका सकाळी बकुळानं डोळे उघडले आणि म्हणाली, "आये, भाकर दे."

येसूनं पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली. आणि चुलीपुढं बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. किती दिवसांची झोप होती ती. ठकूबाई चौकशीला आली होती, तिनं पाहिलं. तिनं येसूला उठवलं नाही. गुपचूप भाकरी उलटली, कुस्करली आणि बकुळाला भरवली.

त्या दिवसापासून बोरमाळची रीत बदलली. पाळणे घरात आढ्याला टांगले. बाळं त्यांच्याकडे बघून हातपाय नाचवतात. गुरांना पाणी प्यायला लांब दगडी डोणी केली. धुणं विहिरीपासून दूर नेलं. घरात चांगलं काही झालं, की अजूनही आधी विहिरीवर जातात. पण जाऊन दोन्ही तळहात दाखवतात, रिकामे, आणि परत येतात. आणि दिवेलागणीनंतर तिथं कुणी घागर बुडवत नाही. आसरा झोपलेली असते. हल्ली पहाटे जास्त बांगड्या वाजतात म्हणे. म्हणजे बहिणी परत आल्या असतील.

झालं. बकुळा बरी झाली, ठकूबाईचा नातू बरा झाला, येसूचा नवरा मेंढरं घेऊन घरी आला. खाली आसरा निजली, वर गाव निजलं. जागे आता आपणच.

ओम्या, कुठे गेला होतास उठून? माठातलं पाणी प्यालास? ओगराळ्यानं घेतलंस ना, हात नाही ना बुडवला? शहाणा आहेस.

आणि पाठीमागे काय लपवलंय? मला काही आणलंय का? हात दाखव बघू. शालू, तू पण दाखव.

रिकामे आहेत. बरं झालं. आता जरा सरका, मलाही पडू द्या.